इंद्रलाल रॉय : एका विद्यार्थ्याचे युद्ध

जानेवारीचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या वर्गांतले शिकवणे अधूनमधून आपोआप थांबते. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तालीम सुरू झालेली असते आणि लढाऊ विमाने दिल्लीवरून गर्जत जातात. खिडक्यांची तावदाने थरथरतात, माझ्या हातातला खडू फळ्यावरच थबकतो आणि वर्गातल्या सगळ्या माना एकदम खिडकीकडे वळतात. मी नवी शिक्षिका होते तेव्हा यावर रागावत असे. पुढे लक्षात आले, की त्या अर्ध्या मिनिटात मुलांच्या चेहऱ्यांवर जे उमटते ते माझ्या शिकवण्याने क्वचितच उमटते. तेव्हापासून नववीच्या इतिहासाचा एक तास मी त्या दिवसांसाठी राखून ठेवू लागले आणि पाठ्यपुस्तकात नसलेली एक गोष्ट सांगू लागले. ती गोष्ट इंद्रलाल रॉय या बंगाली मुलाची. 'मुलगा' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. आपल्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांहून तो जेमतेम तीन-चार वर्षांनी मोठा असताना त्याचे आयुष्य संपले होते.

ज्या माजी विद्यार्थ्यांच्या हाती हा ग्रंथ पडेल त्यांतील अनेकांनी ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकलेली आहे. काहींना ती कंटाळवाणीही वाटली असेल. पण ती लिहून काढण्याचे माझ्याकडे एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी गोष्ट संपवून मी पुस्तक मिटत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, पण तो इंग्रजांकडूनच लढला ना? मग तो आपला कसा?" तेवढ्यात घंटा झाली. "उद्या सांगते," असे मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी जे सांगितले त्याने तिचे समाधान झाले नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसले, आणि खरे तर माझेही झाले नव्हते. हा लेख म्हणजे ती राहिलेली उधारी आहे.

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यात झाला. वडील प्यारीलाल रॉय बॅरिस्टर होते, घराणे मूळचे आजच्या बांगलादेशातील बरिसाल भागातले, जमीनदारीचे. आई ललिता रॉय. विसाव्या शतकाच्या आरंभी मुलांच्या शिक्षणासाठी ही माउली सगळ्या लेकरांना घेऊन लंडनला राहू लागली. इंद्रलाल सेंट पॉल्स स्कूल या १५०९ साली स्थापन झालेल्या नामांकित शाळेत दाखल झाला. तिथे तो पोहण्यात चमकला, रग्बी खेळला, शाळेच्या कॅडेट दलात कवायत शिकला आणि पुढे ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजची शिष्यवृत्तीही त्याने मिळवली. घरात त्याला 'लॅडी' म्हणत. या लाडक्या स्कॉटिश शब्दाचा आपल्या भाषेतला जवळचा प्रतिशब्द 'बाळ्या' असा होईल.

त्याच्या आईविषयी इथे थोडे थांबून लिहायला हवे, कारण वीरांच्या चरित्रात आया बहुधा पहिल्या परिच्छेदात येतात आणि मग शेवटी रडण्यापुरत्या उरतात. ललिताबाई तशा नव्हत्या. १७ जून १९११ रोजी, पंचम जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या काही दिवस आधी, लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी एक अतिप्रचंड मिरवणूक निघाली होती. तीत भारतीय स्त्रियांचा एक छोटा गट आपला फलक घेऊन चालला होता. साड्या नेसलेल्या त्या स्त्रियांचे छायाचित्र उपलब्ध आहे आणि त्यांत ललिता रॉय आहेत. इंद्रलाल तेव्हा बारा वर्षांचा होता. साम्राज्याच्या राजधानीत, राजाच्या उत्सवाच्या तोंडावर, हक्क मागत रस्त्यावर उतरलेली आई त्याच्या घरात होती. तो ज्या साम्राज्यासाठी पुढे लढला ते त्याला केवळ शाळेच्या प्रार्थनेतून माहीत होते असे समजण्याचे कारण नाही.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले तेव्हा इंद्रलाल पंधरा वर्षांचा होता. त्याचा थोरला भाऊ परेशलाल सैन्यात गेला. (हाच परेशलाल पुढे भारतातील मुष्टियुद्धाचा जनक म्हणून ओळखला गेला.) वरच्या वर्गातली मुले एकेक करून नाहीशी होत असताना खालच्या वर्गात बसून लॅटिनची रूपे पाठ करणे त्या पिढीच्या मुलांना कसे वाटत असेल, याचा विचार मी शिक्षिका म्हणून अनेकदा करते. शाळा सुरूच होत्या, परीक्षाही होत होत्या, पण उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या मुलांचे लक्ष नकाशाकडे होते.

इंद्रलालचे लक्ष आकाशाकडे होते. अठरा पूर्ण होताच त्याने रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश वैमानिक दलाकडे अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. कारण दृष्टिदोष! आपल्या शाळेतल्या जवळपास प्रत्येक वर्गात चष्मा लावणारा एक तरी मुलगा असतो ज्याला वैमानिकच व्हायचे असते, त्यामुळे गोष्टीच्या या टप्प्यावर वर्गात नेहमी शांतता पसरते. इंद्रलालने काय केले? त्याने स्वतःची मोटारसायकल विकली, त्या पैशांतून इंग्लंडमधल्या एका अग्रगण्य नेत्रतज्ज्ञाची फी भरली, त्यांच्याकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि नवा दाखला सैन्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे ठेवला. निर्णय बदलला. एप्रिल १९१७ मध्ये तो दलात शिरला आणि ५ जुलै १९१७ रोजी त्याला सेकंड लेफ्टनंटची सनद मिळाली.

तो एप्रिल महिना ब्रिटिश वैमानिकांच्या इतिहासात 'रक्तरंजित एप्रिल' म्हणून नोंदला गेला आहे. त्या एका महिन्यात ब्रिटिशांची सुमारे २४५ विमाने नष्ट झाली आणि दोनशेहून अधिक वैमानिक व निरीक्षक मारले गेले अथवा बेपत्ता झाले. मृतांची नावे लंडनच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येत होती. म्हणजे इंद्रलालला आपण कशासाठी मोटारसायकल विकतो आहोत हे पुरते ठाऊक होते. मुले टाळ्या वाजवतात त्या ठिकाणी माझ्या मनात मात्र दरवेळी तो नेत्रतज्ज्ञ येतो. त्याने प्रामाणिकपणे डोळे तपासले, योग्य तोच निष्कर्ष लिहिला. मीही आजवर संरक्षण दलांत जाऊ इच्छिणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या चारित्र्याच्या दाखल्यांवर सही केली आहे, आणि सही करताना पेन क्षणभर अडखळले नाही असे एकदाही झाले नाही.

आता त्या सनदेचे महत्त्व. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय देशाबाहेर गेले. फ्रान्सच्या चिखलात, मेसोपोटेमियाच्या वाळवंटात आणि गॅलिपोलीच्या टेकड्यांवर ते लढले. त्यांत आपले मराठा शिपाईही होते. पण भारतीय शिपाई कितीही शूर, कितीही अनुभवी असो, तो फार तर सुभेदार-मेजर होऊ शकत असे. वीस वर्षे नोकरी झालेला सुभेदार काल आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम करी, आणि गोऱ्या शिपायावर हुकूम चालवण्याचा अधिकार त्याला नसे. खरी सनद, जिला 'किंग्ज कमिशन' म्हणत, भारतीय सैन्यातील पहिल्या मूठभर भारतीयांना मिळाली ती ऑगस्ट १९१७ मध्ये. त्याच्या आसपासच्याच महिन्यांत वैमानिक दलाने, तात्पुरत्या स्वरूपाची का होईना, अधिकाऱ्याची सनद ज्या भारतीयांना दिली ते प्रत्यक्ष आघाडीवर लढलेले वैमानिक अवघे चार होते : रावळपिंडीचे हरदितसिंग मलिक, कलकत्त्याचे एरॉल चंदर सेन, इंद्रलाल रॉय, आणि चौथा आपल्या मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर. चौघेही इंग्लंडमध्ये शिकत असलेले आणि चौघेही स्वेच्छेने गेलेले. सक्तीची सैन्यभरती ब्रिटनमध्ये १९१६ पासून होती, पण यांच्यामागे कोणी सक्ती घेऊन लागले नव्हते.

प्रशिक्षण संपवून ३० ऑक्टोबर १९१७ रोजी इंद्रलाल फ्रान्समधील ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला. हे दलातील सर्वांत नावाजलेल्या पथकांपैकी एक होते. त्याच्या येण्याच्या तीनच दिवस आधी, २७ ऑक्टोबरला, त्या पथकाचा एक तरुण वैमानिक परतला नव्हता. त्याचे नाव आर्थर ऱ्हिस डेव्हिड्स, वय वीस. पाली भाषा आणि बौद्ध वाङ्मय यांचा ज्यांनी परिचय करून घेतला आहे त्यांना हे आडनाव लगेच ओळखीचे वाटेल. पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन करणारे टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स आणि पालीच्या विदुषी कॅरोलिन ऱ्हिस डेव्हिड्स यांचा तो एकुलता एक मुलगा. तो ग्रीक-लॅटिनचा हुशार विद्यार्थी होता आणि त्याचीही जागा बेलियल कॉलेजातच ठरलेली होती. अहिंसेचे धम्मग्रंथ संपादित करणाऱ्या घरातला मुलगा आणि मताधिकारासाठी रस्त्यावर उतरलेल्या बाईचा मुलगा, दोघे एकाच कॉलेजात एकाच टेबलावर बसून वाद घालू शकले असते. त्याऐवजी एकाची जागा तीन दिवसांनी दुसऱ्याने घेतली. इतिहास शिकवताना योगायोगांना फार महत्त्व देऊ नये असे मी विद्यार्थ्यांना सांगते, पण या योगायोगापाशी मी स्वतः नेहमी अडते.

इंद्रलालला दिलेले विमान होते एस. ई. ५ ए. आज दिल्लीवरून जाणारी विमाने पाहिलेल्या मुलांना ते काय होते हे समजावणे सोपे नसते. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले आणि लाखेसारख्या रसायनाने घट्ट केलेले कापड, एकावर एक असे दोन पंख, त्यांना बांधणाऱ्या तारा. वेग ताशी २०० किलोमीटरहून थोडा अधिक. वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर नाही. पंधरा-सोळा हजार फुटांवर, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, प्राणवायूच्या नळीशिवाय तो बसलेला. पुढची मशीनगन फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडी; पात्यांना गोळी लागू नये म्हणून दोहोंची गती जुळवणारी यंत्रणा बसवलेली असे. दुसरी मशीनगन वरच्या पंखावर. तिच्या गोळ्यांच्या गोल डब्यात ९७ गोळ्या मावत. त्या संपल्या की वैमानिकाने ती बंदूक वाकड्या रुळावरून स्वतःकडे खाली ओढायची, विमान गुडघ्यांमध्ये दांडा धरून सांभाळायचे, वाऱ्याच्या झोताविरुद्ध रिकामा डबा काढायचा आणि नवा बसवायचा. हे सर्व शत्रू मागे लागलेला असताना! आणि ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिलेले नसे. फुग्यांत बसून टेहळणी करणाऱ्यांना ते मिळे, विमानांत बसणाऱ्यांना नाही. विमान पेटले तर काय करायचे, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

आघाडीवर जेमतेम पाच आठवडे झाले होते तोच, ६ डिसेंबर १९१७ रोजी, उतरताना इंद्रलालचे विमान कोसळले आणि तो जबर जखमी झाला. चारच दिवसांपूर्वी त्याला एकोणिसावे वर्ष पूर्ण झाले होते. या अपघाताभोवती एक दंतकथा विणली गेली आहे. तो तीन दिवस दोन्ही सैन्यांच्या मधल्या भूमीत पडून होता, मग त्याला मृत समजून शवागारात ठेवले, तिथे शुद्धीवर येऊन त्याने दार ठोठावले आणि रखवालदार भुताला घाबरून पळाला, अशी ती कथा. मुलांना ती अतिशय आवडते. मीही ती सांगते, पण सांगून झाल्यावर फळ्यावर दोन रकाने आखते : एकात 'नोंद', दुसऱ्यात 'आख्यायिका'. नोंदीत विमान कोसळणे, जखमा आणि रुग्णालय एवढेच येते. शवागार दुसऱ्या रकान्यात जाते. मुले हिरमुसतात, पण इतिहासाच्या तासाला येऊन रकाने आखायला शिकली नाहीत तर ती माझ्याकडून काय शिकणार?

पहिल्या रकान्यातली एक गोष्ट मात्र मला त्या दंतकथेहून अधिक मोलाची वाटते. अंथरुणात पडल्यापडल्या इंद्रलाल चित्रे काढत असे. विमानांची चित्रे, पेन्सिलीने. त्यांतली बरीचशी आजही जपलेली आहेत. ज्या यंत्राने हाडे खिळखिळी केली त्याच यंत्राचे पंख, शेपटी आणि तारा तो पुन्हा पुन्हा कागदावर उतरवत होता. आमच्या चित्रकलेच्या सरांना मी एकदा याविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, "बाई, भीती घालवायची हीच रीत आहे. ज्याची भीती वाटते ते नीट बघून काढायचे." याहून चांगला खुलासा माझ्या वाचनात आलेला नाही.

बरा झाल्यावर त्याला उड्डाणासाठी अपात्र ठरवून जमिनीवरच्या साहित्य-विभागात नेमण्यात आले. म्हणजे आणखी एकदा मोठ्या माणसांनी त्याच्यासाठी सुरक्षित दार उघडे ठेवले होते. जखमी सैनिक, अधिकाऱ्याचा दर्जा, युद्धात रक्त सांडल्याचा मान. कोणी बोट दाखवले नसते. त्याने पुन्हा अर्ज-विनंत्या केल्या, नेमबाजीचे जादा शिक्षण घेतले आणि उड्डाणयोग्य असल्याचा निर्णय मिळवलाच. दरम्यान १ एप्रिल १९१८ रोजी सैन्याचे आणि नौदलाचे वैमानिक विभाग एकत्र होऊन रॉयल एअर फोर्स जन्माला आली होती. जून १९१८ मध्ये इंद्रलाल ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आला, आयरिश कॅप्टन जॉर्ज मॅकेल्रॉय याच्या तुकडीत. मॅकेल्रॉय हा चाळीसहून अधिक विमाने पाडलेला कसलेला लढवय्या. आदल्या हिवाळ्यात कोसळलेला कच्चा वैमानिक आणि या उन्हाळ्यातला वैमानिक यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले होते. मधले सहा महिने आणि चांगला नायक, दोन्हींचा तो परिणाम असावा.

६ जुलै १९१८ रोजी फ्रान्समधील द्रोकूर या ठिकाणी त्याने पहिले जर्मन विमान पाडले. ८ जुलैला चार तासांच्या आत तीन. १३ जुलैला दोन, १५ जुलैला दोन, १८ आणि १९ जुलैला एकेक. काही यश सहकाऱ्यांसोबत वाटून घेतलेले धरून एकूण दहा, तेरा दिवसांच्या कालावधीत. पाच वा अधिक विमाने पाडणाऱ्याला 'एस' म्हणत. या चार भारतीयांत त्या मोजमापाने निर्विवाद 'एस' ठरलेला इंद्रलाल एकटाच. त्याच्या नावावरचे एकूण उड्डाण सुमारे १७० तासांचे. आपल्या शाळेच्या वार्षिक वेळापत्रकात एका मुख्य विषयाला जेवढे तास येतात, साधारण तेवढेच.

त्या दहा विमानांविषयी बोलताना माझा आवाज आपोआप खाली येतो. त्यांतील बरीचशी हॅनोव्हर बनावटीची, दोन माणसे बसणारी टेहळणीची विमाने होती. म्हणजे आकडा दहा असला तरी माणसे अधिक होती, आणि त्यांनाही घरी कोणीतरी जर्मन भाषेत 'बाळ्या' म्हणत असणार. इंद्रलालच्या पराक्रमाला यामुळे उणेपणा येतो असे मला वाटत नाही. पण हे वाक्य गाळून गोष्ट सांगणे मला जमत नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. त्यासाठी इंद्रलालच्या तेरा दिवसांशेजारी त्याच दिवसांतला हिंदुस्थान ठेवून पाहिला पाहिजे. ८ जुलै १९१८, ज्या दिवशी त्याने तीन विमाने पाडली, त्याच दिवशी माँटेग्यू-चेम्सफर्ड अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी लोकांना राज्यकारभारात किती वाटा द्यायचा याचा तो तोळामासा हिशेब होता. त्याच उन्हाळ्यात गुजरातेत खेडा जिल्ह्यात महात्मा गांधी गावोगाव पायी हिंडत होते. कशासाठी? सैन्यात भरती व्हा, हे सांगण्यासाठी! अहिंसेचा पुजारी सैन्यभरती करतो हे पाहून त्यांचे सहकारीही चक्रावले होते. साम्राज्याच्या अडचणीत बरोबरीने उभे राहिलो तर बरोबरीचा हक्क मागता येईल, असा तो हिशेब होता.

आणि लोकमान्य? त्यांचा हिशेब अधिक रोखठोक होता. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरांनी युद्धपरिषद बोलावली. तिथे टिळक स्वराज्याचा मुद्दा काढू लागताच त्यांना अडवण्यात आले आणि ते सभा सोडून बाहेर पडले. भरतीला त्यांचा विरोध नव्हता. हिंदी तरुणांना अधिकाऱ्याची सनद मिळणार असेल तर आपण महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देऊ, न दिली तर दंड भरू, असे सांगून त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठवला होता. टिळक ज्या सनदेसाठी पन्नास हजारांची पैज लावत होते, ती सनद खिशात बाळगून कलकत्त्याचा एक मुलगा त्याच वेळी फ्रान्सच्या आकाशात होता. त्याच्या हाताखालच्या जमिनीवरील कर्मचाऱ्यांत गोरे तंत्रज्ञ होते, ते त्याच्या आज्ञा पाळत होते, त्याच्या विमानाची तार न् तार घट्ट करत होते. सुभेदाराला जे मिळाले नव्हते ते याला मिळाले होते.

यावरून तो स्वातंत्र्यासाठी लढला असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणारे लेख मी वाचले आहेत; ते दुसऱ्या रकान्यात जातात. तो साम्राज्याच्या सैन्यात, साम्राज्याच्या शत्रूशी लढला. एकोणीस वर्षांच्या मुलाला उडायचे होते, मागे राहायचे नव्हते, आणि 'तुला जमणार नाही' असे सांगणाऱ्यांना खोटे ठरवायचे होते, एवढे त्याच्या कृतींवरून दिसते. पण गोरा आणि काळा यांच्या क्षमतेत फरक आहे, या ज्या समजुतीवर ते साम्राज्य उभे होते, तिच्याविरुद्धचा पुरावा त्याच्या तेरा दिवसांनी त्याच साम्राज्याच्या दप्तरात नोंदवून ठेवला. सप्टेंबर १९१८ मध्ये त्याला जाहीर झालेल्या डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉसच्या मानपत्रात त्याचे कौशल्य आणि धाडस असामान्य असल्याचे लिहिले आहे. हे पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. पुढे स्कीन समितीने भारतीय तरुणांना इंग्लंडमधील क्रॅनवेलच्या वैमानिक विद्यालयात प्रवेश द्यावा अशी शिफारस केली आणि ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय वायुदल स्थापन झाले. तेव्हा 'भारतीयाला विमान झेपेल काय' हा प्रश्न विचारणे निदान दप्तर वाचलेल्यांना तरी अवघड गेले असेल.

आणि त्या साम्राज्याने पुढे काय केले? इंद्रलालच्या मृत्यूला नऊ महिने होण्याआधीच, १३ एप्रिल १९१९ रोजी, जालियनवाला बाग झाली. पंजाबने महायुद्धाला सर्वांत अधिक शिपाई दिले होते.

इंद्रलालचा पदक मिळालेला दिवस त्याने पाहिला नाही. २२ जुलै १९१८ रोजी कार्व्हँ गावाच्या आकाशात जर्मनांच्या फॉकर डी-७ विमानांशी त्याच्या तुकडीची गाठ पडली. झुंजीत त्याचे विमान पेटून खाली गेले. वय एकोणीस वर्षे, सात महिने, वीस दिवस. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये झालेल्या नव्या कायद्याने युद्धात सेवा करणाऱ्यांना एकोणिसाव्या वर्षी मत देण्याचा अधिकार दिला होता, आणि तीस वर्षांवरील काही स्त्रियांना तो प्रथमच मिळाला होता. १९११ मध्ये आई ज्यासाठी चालली होती त्याचा पहिला हप्ता आणि मुलाचा मताधिकार, दोन्ही एकाच कायद्यात होते. डिसेंबरमध्ये निवडणूक झाली तेव्हा मुलगा नव्हता.

नऊ दिवसांनी, ३१ जुलैला, त्याचा नायक मॅकेल्रॉयही गेला.

चौघांपैकी उरलेल्यांविषयी थोडे. एरॉल सेन जर्मनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडला. हरदितसिंग मलिक यांचे विमान ऑक्टोबर १९१७ मध्ये गोळ्यांनी चाळणी झाले, पायात गोळ्या लागल्या, तरी ते परत आले. पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण त्यांनी खास करून घेतले होते. स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून ते पुढे फ्रान्सलाच गेले आणि १९८५ पर्यंत जगले. आमच्या मुलांना हे ऐकून नेहमी आश्चर्य वाटते, की त्या काळातला एक वैमानिक त्यांच्या आई-वडिलांच्या शाळकरी दिवसांपर्यंत हयात होता.

श्रीकृष्ण वेलिणकर २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन हे विमान चालवत असे. २७ जून १९१८ रोजी, इंद्रलालच्या पहिल्या यशाच्या नऊ दिवस आधी, तो गस्तीवरून परतला नाही. जखमी अवस्थेत तो जर्मनांच्या हाती लागला होता आणि ३० जूनला तिथेच त्याचा अंत झाला. मुंबईतल्या त्याच्या घरच्यांना त्याचे पुढे काय झाले याचा उलगडा होण्यासाठी दीर्घ काळ वाट पाहावी लागली. फ्रान्समधील हांगार येथील युद्धस्मशानात त्याची कबर आहे. इंद्रलालचे नाव निदान ज्ञानकोशांत सापडते. १९९८ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारतीय डाकखात्याने त्याचे तिकीट काढले, कोलकात्यात त्याच्या नावाचा रस्ता आहे. वेलिणकरचे नाव मराठी माणसांच्या बैठकीत घेतले तर आजही दहांतले नऊ जण 'कोण?' म्हणून विचारतात. मीच पंधरा वर्षे इंद्रलालची गोष्ट सांगत होते तेव्हा मला तरी कुठे ठाऊक होते? ते मला एका पालकांनी दाखवून दिले. ते वायुदलात होते, मुलाच्या निकालाच्या दिवशी भेटले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या गोष्टीत एक मराठी मुलगा राहिला आहे." तेव्हापासून तो तास दोन तासांचा झाला.

प्रश्न विचारणारी ती मुलगी गेल्या वर्षी माजी विद्यार्थी मेळाव्याला आली होती. आता ती कायद्याचे शिक्षण घेते. मला पाहताच म्हणाली, "बाई, माझं उत्तर राहिलंय." मी म्हणाले, "लिहून देते." म्हणून हे लिहिले. यातही तिला हवे तसे एका वाक्याचे उत्तर नाही, याची मला कल्पना आहे, आणि ती पुन्हा वाद घालायला येईल याचीही.

इंद्रलाल उत्तर फ्रान्समधील एस्तव्हेल या छोट्या गावाच्या दफनभूमीत आहे. त्याच्या समाधीवर बंगाली अक्षरांत मजकूर कोरलेला आहे : ही एका महावीराची समाधी, आदर दाखवा, स्पर्श करू नका, असा त्याचा आशय. लंडनमध्ये वाढलेल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या, इंग्रजी सैन्याच्या गणवेशात गेलेल्या मुलाच्या दगडासाठी कोणीतरी आग्रहाने त्याच्या आईची भाषा निवडली. भोवतालच्या गावकऱ्यांपैकी ती अक्षरे कोणाला वाचता येत नाहीत. वर्षाकाठी एखाद्-दोन माणसे दुरून येत असतील, वाकून ती वाचत असतील, आणि पुन्हा गाडी पकडत असतील.